तांब्याचे चार ठिपके

बाबा, मी तुमच्यावर संशय घेत होते. तुम्हाला ते कळत होतं की नाही, हे मला अजून ठरवता आलेलं नाही, पण सुरुवात तिथूनच करते. आडवळणानं लिहायची मला सवय नाही. नोकरीची सगळी वर्षं मी वनगुन्ह्यांच्या फायली सांभाळल्या. कोणाचं लाकूड कुठे पकडलं, वाहतुकीचा परवाना होता का, परवान्यावरचा शिक्का आणि लाकडावर हातोडीनं मारलेला शिक्का जुळतो का, एवढंच पाहायचं. अशा टेबलावर बसलेल्या बाईला शेजाऱ्याच्या दाराची चौकटसुद्धा कुणीतरी कुठून तरी उचलून आणलेली दिसते. तुम्ही दिलेलं पेन मला तसंच दिसलं. ते मी बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवलं, वर आईचं जुनं लुगडं घडी करून ठेवलं, आणि तो डबा तीन भाड्याच्या घरांतून आणि एका स्वतःच्या घरातून माझ्याबरोबर फिरला. तुम्ही गेल्यावरही तो मी उघडला नाही. जप्तीचा माल सील करून ठेवतात, तसा ठेवला होता.

तो दिवस मला स्पष्ट आठवतो. मी कामावर रुजू होऊन चार दिवस झाले आहेत. आपण चंद्रपुरात, परकोटाच्या आतल्या त्या दोन खोल्यांत राहतो, पुढच्या पडवीत तुमचा लाकूड कातायचा खराद. मी स्वयंपाकघरात चहा टाकते आहे. तुम्ही हात धुऊन येता, ते सदऱ्यालाच पुसता, आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी ओट्यावर ठेवता. मी कागद सोडते. शाईचं पेन. बाजारातलं साधं पेन आणून त्याचं निब, जीभ आणि आतली नळी तेवढी घेतलेली, बाकी सगळं लाकडाचं, खरादावर काढलेलं. मधासारखा रंग, आणि त्या रंगात दूध उकळताना वर येतात तसे बारीक बारीक डोळे, एकमेकांना खेटून. टोपणाच्या एका बाजूला तांब्याचे दोन ठिपके, बरोबर उलट्या बाजूला आणखी दोन. तुम्ही भिंतीवरच्या, हातात राज्यघटना धरलेल्या तसबिरीकडे मान करून म्हणालात, "त्यायच्या कोटाले हाय तसं. आता तुह्या हातात पाह्यजे." आणि मग काहीतरी पुढे सांगायला तोंड उघडलंत.

मी विचारलं, "लाकूड कुठलं?"

तुम्ही थांबलात.

"ही सागाची गाठ आहे," मी म्हटलं. "अशा गाठी सहज मिळत नाहीत. पावती आहे का?"

मी बी.ए. झालेली, नोकरीला लागून चार दिवस झालेली, आणि त्या चार दिवसांत मला दाखवलेल्या पहिल्याच फायलीत सायकलवरून सागाची गाठ नेणारा एक माणूस होता. झाडाला जखम झाली की तिथे खोड फुगतं, आतल्या रेषा वळून गुंतून जातात, आणि त्या फुगवट्याला शोभेच्या वस्तू करणारे मागतील ते देतात, हे मी त्याच फायलीत वाचलं होतं. तुमच्याकडे पाहून मला तो माणूस दिसला. तुम्ही तोंड मिटलंत. कपातला चहा बशीत ओतलात, प्यायलात, आणि म्हणालात, "लाकूड रानातलंच असते. कारखान्यात बनते का?" मग पडवीत निघून गेलात. मी मनात नोंद केली: प्रश्नाचं उत्तर दिलं नाही.

पुढच्या रविवारी दुसरी नोंद झाली. पिठाच्या डब्यामागे भिंतीला टेकून आईची लाकडी काठवट उभी असायची. आई गेल्यापासून कुणी तिच्यात पीठ मळलं नव्हतं. मी स्टीलच्या परातीत मळत होते, आणि काठवट नुसतीच उभी होती, धुरानं आणि तेलानं काळी झालेली. ती आईच्या आईनं कुरखेड्याकडून आणलेली. एकदा माझ्याच हातून पडून तिला तडा गेला होता, तेव्हा तुम्ही तड्याच्या दोन्ही बाजूंना भोकं पाडून ती शिवली होती. आई म्हणाली होती, "फाटलं लुगडं शिवावं तशी शिवली माह्या नवऱ्यानं." त्या रविवारी मी पिठाचा डबा सरकवला तर मागे नुसती भिंत. भिंतीवर काठवटीच्या आकाराचा स्वच्छ गोल होता.

"आईची काठवट कुठे आहे?" मी पडवीत येऊन विचारलं.

"काऊन? तुले भाकरी थापाच्या हायेत का?"

"मी विचारतेय, कुठे आहे."

"हपिसात जाते ना तू आता," तुम्ही छिन्नीची धार अंगठ्यावर पाहत म्हणालात. "मंग हपिसातलं विचार हपिसात."

मी दोन गोष्टी जोडल्या. घरातून काठवट गेली, घरात गाठ आली. मधे सायकलवरून तुमच्याकडे लाकूड आणणारा तुमचा मित्र. हिशेब सोपा होता: आईची एकुलती एक वस्तू तुम्ही त्याला दिलीत आणि चोरीचं लाकूड घेतलंत, आणि ते मला बक्षीस म्हणून दिलंत. एवढं ठरल्यावर मी आणखी काही शोधलं नाही. माझ्या टेबलावर एवढ्यावर प्रकरण पुढे जात असे.

तुमच्या मित्राबद्दल सांगायलाच हवं. तो जंगलातल्या गावचा, गोंड. महिन्या दीड महिन्यानं सायकलला पोतं बांधून यायचा, पोत्यात लाकडाच्या गाठी, वाकडे तुकडे, फाट्या. लाटण्याला, पाळण्याच्या मोरांना, खाटेच्या खुरांना तुम्ही ते वापरायचात. दारात सायकल लावून तो आधी मला "जोहार बाई" म्हणायचा, मी फ्रॉक घालत होते तेव्हापासून. मी बारा वर्षांची असताना एक तयार लाटणं सापडेना, आणि मी त्याच्या तोंडावर म्हटलं की ह्यानंच पोत्यात घातलं असेल. पोतं उलटं करून रिकामं करून दाखवलं त्यानं. लाटणं संध्याकाळी खरादाखालच्या भुशात सापडलं. तुम्ही मला मारलं नाहीत. चाळणी हातात दिलीत आणि म्हणालात, "पुढच्या टायमाले आधी हा भुसा चाळजो. मंग माणसाले इचारजो." आणि पुढच्या वेळी तो आला तेव्हा ते लाटणं मीच त्याच्या हातात द्यायचं, घरी न्यायला, असं फर्मावलंत. मी दिलं. त्यानं ते डोक्याला लावलं. मला त्याचाही राग आला होता.

आपला खराद दोरीचा. आता अशा खरादावर काम करणारा माणूस मला शोधून सापडणार नाही, म्हणून लिहून ठेवते. दोन खुंट्यांमधे लाकूड आडवं धरायचं, त्याला दोरीचा एक वेढा द्यायचा, आणि दोरीची दोन्ही टोकं धरून समोर बसलेल्या माणसानं एकदा हे टोक, एकदा ते टोक ओढायचं. लाकूड एकदा तुमच्याकडे फिरतं, एकदा तुमच्यापासून दूर. तुमच्याकडे फिरतं तेवढ्या वेळच छिन्नी टेकवायची, दूर फिरताना उचलायची. टेकव, उचल. दोरी ओढणाऱ्याचा ताल चुकला की छिन्नी अडकते आणि सगळं काम फुकट जातं. आई ओढायची दोरी. तुम्ही तिला कधी "ओढ" म्हणायचा नाहीत, "थांब" म्हणायचा नाहीत, मान वर न करता दोघांचं चालायचं. आई गेल्यावर मी ओढली, कॉलेजला जायच्या आधी तास दीड तास, ताल चुकवत, तुमच्या शिव्या खात. आणि नोकरी लागल्यावर मी दोरीला हात लावला नाही. एका रविवारी तुम्ही विचारलंत, "जराशी दोरी धरते का? एकच खूर रायला." मी इस्त्री करत होते. मी म्हणाले, "त्या लाकडाला मी हात लावणार नाही." तुम्ही पुन्हा विचारलं नाहीत.

त्यानंतर महिनाभरात तुमचा मित्र आला. तुम्ही बाजारात गेला होता. मी दारात उभी राहिले, त्याला सायकलही लावू दिली नाही. पोत्यात काय आहे विचारलं. तो म्हणाला, "जळनाच्या थप्पीतल्या, जळाऊ बिटातल्या गाठी हायेत, बाई. फारेस्टच्या डेपोतनं घेतल्या. आरा मशीनवाल्यायले चालत नाईत, तं ते जळाऊत फेकते." मी म्हटलं, कागद दाखवा. त्यानं कमरेच्या पिशवीतून एक चुरगळलेला कागद काढला. मी तो वाचला. जळाऊ लाकडाची पावती होती, पण सहा महिन्यांपूर्वीची, आणि त्या पावतीतलं लाकूड हेच, हे कशावरून? मी त्याला सांगितलं, "तुमचं नाव मला माहीत आहे, गावही माहीत आहे. पुन्हा ह्या दारात लाकूड घेऊन दिसलात तर मी स्वतः गुन्ह्याचा कागद करीन."

"भाऊ हायेत का घरी?" त्यानं विचारलं. तुम्ही दोघं एकमेकांना भाऊच म्हणायचात.

"भाऊंशी काही बोलायची गरज नाही."

"बरं, बाई," तो म्हणाला. सायकल वळवली. तो पुन्हा आला नाही. आणि मी ते तुम्हाला कधी सांगितलं नाही. तुम्ही दोन महिने दर शनिवारी पडवीत फळीवर बसून रस्त्याकडे पाहत होता. मी कामावरून येताना पाहायची. तुम्ही एकदाच म्हणालात, "भाऊ काऊन येऊन नाई राह्यला कोण जाणे. बिमार हाय का." मी भाजी चिरत होते. मी चिरतच राहिले.

मग खराद बंद पडला. आधी आठवड्यातून एखाद्या दिवशी, मग अजिबातच. तुम्ही म्हणालात, डोळ्यांनी दिसत नाही आता बारीक. मी ते ऐकून घेतलं आणि मनात म्हटलं, बघा. चोरीचं लाकूड बंद झालं आणि दुकान बंद झालं. म्हणजे सगळं त्याच लाकडावर चाललं होतं. याहून मोठा पुरावा कोणता? मला समाधान वाटलं, बाबा. हे लिहिताना हात अडतो आहे, पण वाटलं होतं.

तुम्ही त्यानंतर सात वर्षं होता. रोज संध्याकाळी मी कचेरीतून आले की तुम्ही पाणी द्यायचात आणि पेला घेताना माझ्या उजव्या हाताकडे पाहायचात. नुसतं एक क्षण, मग दुसरीकडे. मला वाटायचं, तुम्ही घड्याळ पाहता, मी उशिरा का आले म्हणून. मी चिडून एकदा म्हटलंही, "बस उशिरा आली, दुसरं काही नाही." तुम्ही म्हणालात, "मी कुठी काय म्हणून राह्यलो." आणि एकदा, शेवटच्या वर्षी, खाटेवर पडल्या पडल्या विचारलंत, "चालते का ते पेन?" मी म्हटलं, "चालतं." तुम्ही मान हलवलीत आणि भिंतीकडे वळलात.

आता यंदाचं सांगते. माझ्यानंतर माझ्या टेबलावर आलेली बाई निवृत्त झाली, तिला निरोपाला लाकडी पेन दिलं. खोक्यावर छापलेलं: 'दुर्मिळ सागगाठीचं लाकूड, हाती घडवलेलं, ताडोबाच्या कुशीतून.' कुशीतून म्हणजे नेमकं कुठून? सगळ्यांनी ते पेन हातात घेऊन वाहवा केली. मी उन्हात नेऊन पाहिलं. तेच डोळे. मोहर्लीला गेटाजवळ पर्यटकांसाठी दुकानं आहेत, तिथे एक बाई करून विकते असं कळलं. मी घरी येऊन तक्रार लिहायला घेतली. अकरा मुद्दे झाले. पण तपासणी न करता पाठवणं माझ्या शिस्तीत बसत नाही, म्हणून सकाळच्या बसनं मोहर्लीला गेले. जाताना डबा उघडला आणि तुमचं पेन पर्समधे टाकलं. खरं कारण सांगते: मला ते शेजारी ठेवून पाहायचं होतं. जाणत्या कुणाच्या तरी तोंडून ऐकायचं होतं की हे लाकूड चोरीचं आहे. माझी खात्री होतीच. पण इतकी वर्षं ती मी एकटीनंच सांभाळली होती.

ती बाई पस्तिशीची असेल. घराला लागून पत्र्याची शेड, आत विजेवर चालणारा लहानसा खराद, तोंडाला ओढणी बांधून काम करत होती. आधी हॉटेलात पोळ्या करायची, मग प्रशिक्षण घेतलं म्हणाली. मी ओळख दिली नाही. लाकूड कुठून आणता, एवढंच विचारलं. तिनं माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि मशीन बंद केलं.

"बाई, तुमी खात्यातल्या का?"

"होते."

"रिटायर झाल्या ना? मंग बसा की. उभ्यानं काऊन चौकशी करून राह्यल्या."

मी बसले नाही. तिनं प्लॅस्टिकची पिशवी आणली, तीत डेपोतल्या लाकडाच्या पावत्या. मी सगळ्या उभ्यानं वाचल्या. बाकीचं लाकूड ती गावागावांतून घेते, असं तिनं सांगितलं: मोडकी जोखडं, जुन्या खाटा, उखळं, दाराच्या चौकटी. शेडच्या कोपऱ्यात तो ढीग होता. मी म्हटलं, "तिसऱ्या पावतीवरचा शिक्का वाचता येत नाही."

"मले पण नाई येत," ती म्हणाली. "ज्यानं मारला त्याले इचारा. शाई लावाले कंटाळा येते त्याले." आणि हसली. मी हसले नाही. पर्समधून तुमचं पेन काढून तिच्या फळीवर ठेवलं आणि विचारलं, "हे लाकूड कुठलं असेल, सांगता येईल?"

तिनं ओढणी खाली केली. पेन हातात घेतलं, वजन पाहिलं, खिडकीशी नेलं. मग टोपण काढलं, मोबाइलचा टॉर्च लावून आत पाहिलं.

"हे कोनं काढलं?"

"माझ्या वडिलांनी."

"हात होता बुढ्याले," ती म्हणाली. मग मला जवळ बोलावलं. "हे तांब्याचे टिपके पहा. मी पण बसवतो कधी कधी, शोभेसाठी. पण ते वरवर बसते. हे आत पहा."

मी टोपणात पाहिलं. आतल्या भिंतीवर, बाहेरच्या प्रत्येक ठिपक्याच्या मागे, तांब्याचं एक टोक होतं. चार.

"आरपार तार हाय ही," ती म्हणाली. "टोपण आतनं पोकळ केलं तवा मधातली तार कटली, दोन्हीकडले तुकडे भिंतीत रायले. म्हंजे तार लाकडात आधीपासूनच होती. पेनासाठी नाई घातली. काहीतरी शिवलेलं होतं हे. भांडं होतं, बाई." तिनं टोपण कापडावर जोरजोरात घासलं, गरम झालं तसं नाकाशी नेलं आणि माझ्यापुढे धरलं. "जवस. कितीक वर्षं तेल पिलं हाय यानं. काठवट असन. आमच्या आजीची अशीच होती, गाठ कोरून केलेली. गाठीची काठवट लवकर फुटत नाई ना, म्हणून. बाहेरून काळी कुट्ट, पण खरादावर घेतली का असे डोळे निघते."

आई दर वर्षी पावसाआधी काठवटीला जवसाचं तेल चोळायची. दुपारभर उन्हात ठेवायची आणि मला राखण बसवायची, कावळ्यानं तोंड लावू नये म्हणून. शेवटी मी बसले. त्या बाईनं मघाशीच स्टूल पुढे केलं होतं, ते मी पाहिलंही नव्हतं.

मी लगेच मानलं असं समजू नका. मी म्हटलं, कुणाचीही काठवट असेल. ती म्हणाली, असन बा. मग तिनं पेन पुन्हा उलटसुलट केलं आणि विचारलं, "मोटर होती का तुमच्या बाबाकडे?"

"नाही. दोरीचा खराद होता."

"दोरीवर इतकं बारीक?" तिनं बोटानं टोपणाची कड चाचपली. "मंग दोरी ओढणारा बी पक्का होता. हे एकट्याचं काम नोहे. कोन ओढे?"

"आई," मी म्हटलं. मग म्हटलं, "आई तेव्हा नव्हती. मी ओढायचे." आणि मग लक्षात आलं की पेन झालं तेव्हा मीही ओढत नव्हते. त्या आठवड्यात मी कचेरीत होते, गाठ नेणाऱ्या त्या माणसाची फाईल वाचत होते.

ती वाट पाहत होती.

तुमचा मित्र ओढायचा, बाबा. आता मला दिसतं. मी कामावरून आले की खरादासमोर दोन पिढे असायचे, एक तुमचा आणि एक रिकामा, आणि त्याच्यापुढे बिडीची थोटकं. तुम्ही बिडी ओढत नव्हता. तो पोतं टाकून दोन दोन दिवस मुक्काम करायचा, पडवीत झोपायचा, आणि मी नाक मुरडायची, चोरीच्या मालाचा एवढा काय पाहुणचार म्हणून. तो दोरी ओढत होता. मी त्याला दारातून परत पाठवलं आणि खराद थांबला, आणि थांबला हाच मी पुरावा धरला. लाकडाची पोती तर पडवीत तशीच पडून होती. तुम्ही गेल्यावर मी ती पाणी तापवायला जाळली, दोन हिवाळे पुरली. लाकूड संपलं नव्हतं. हे मला तेव्हाही दिसत होतं, डोळ्यांसमोर होतं.

त्या बाईनं पेनची आतली नळी बदलून दिली, जुनी कडक होऊन तडकली होती. निब पाहून म्हणाली, "हे तं नवं कोरं हाय." मी पावती मागितली. तिनं दिली. मी ती बसमधे दोनदा वाचली.

घरी आल्यावर तुमची हत्यारांची पेटी माळ्यावरून काढली. गंज चढला होता, छिन्न्या गोणपाटात बांधलेल्या. मी म्हटलं होतं ना, लगेच मानलं नाही. तळाशी आणखी एक गोणपाटाचं गाठोडं होतं. त्यात काठवटीचा काठ, अर्धचंद्रासारखा, एका कडेनं तड्यावर फुटलेला, दुसऱ्या कडेनं करवतीनं कापलेला. तड्याच्या कडेला भोकं, भोकांभोवती तांब्याचा हिरवा डाग. मी पट्टी आणली. दोन भोकांमधलं अंतर मोजलं, मग टोपणावरच्या दोन ठिपक्यांमधलं. तीनदा मोजलं. एकच आलं. तुम्ही हा उरलेला तुकडा जाळला नव्हता, टाकला नव्हता. कधीतरी दाखवायला ठेवला असेल, असं मला वाटतं. पण हे माझं वाटणं आहे, याला कागद नाही.

त्या दिवशी ओट्याजवळ तुम्ही तोंड उघडलं होतंत ते हे सांगायला. आणि मी पावती मागितली. नंतर तुम्ही का सांगितलं नाहीत, हा प्रश्न माझ्या अकरा मुद्द्यांत घालावा असा आहे. एका वाक्यात काम झालं असतं. तुम्हाला राग आला होता का? की ज्या मुलीला आईची काठवट हातात घेऊन ओळखता आली नाही, तिला तोंडानं सांगण्यात अर्थ नव्हता? तुमच्यावरचा एक संशय गेला आणि दुसरा आला. हा तुम्हीच सोडवायचा होता.

तुमच्या मित्राच्या गावी जाऊन आले. मागच्या आठवड्यात, भाड्याच्या गाडीनं. तो कधीचाच वारला होता. त्याच्या सुनेनं पाणी दिलं. मी कोण, ते सांगितलं. चंद्रपूरच्या खराद्याची मुलगी. ती म्हणाली, "सासरे सांगे तुमच्या घरचं. एक बेलन हाय आमच्याकडे तुमचं." आतून लाटणं आणून दाखवलं. वापरून वापरून मधे बारीक झालेलं. मी तिला दारातली गोष्ट सांगणार होते, तेवढ्यासाठीच गेले होते. तिनं लाटणं माझ्या हातात दिलं, मी ते परत दिलं, आणि गाडीत येऊन बसले. सांगितलं नाही.

तक्रारीचा कागद मी फाडलेला नाही. तिसऱ्या पावतीचा शिक्का मला अजून खटकतो, आणि त्याबद्दल त्या बाईला फोन करून विचारणार आहे. मी बदलले असं कुणी समजू नये. पण तो कागद पाठवलाही नाही, आणि हाही पाठवायचा नाही. हा घडी करून त्या बिस्किटाच्या डब्यात जाईल, काठवटीच्या तुकड्याबरोबर. पेन डब्यात जाणार नाही.

एक राहिलं. चालतं का ते पेन, असं तुम्ही विचारलंत, तेव्हा मी चालतं म्हणाले. त्यात मी शाई कधी घातलीच नव्हती. आज घातली, आणि पहिल्याच पानाला मधल्या बोटाला निळा डाग पडला. पाण्याचा पेला उचलताना तो दिसला, आणि रोज संध्याकाळी तुम्ही माझ्या हाताकडे काय पाहत होता, ते कळलं. म्हणजे ते पेन मी वापरत नाही, हे तुम्हाला सात वर्षं माहीत होतं, आणि चालतं म्हणाले ते खोटं, हे त्याच क्षणी.